आमच्या गाळ्यातला कलामंच

२ मार्च, रविवार

आयुष्य आज दुपारी बदललं. आमच्या बिल्डिंगखाली, रिकाम्या गाळ्यासमोर, मी बुलेट पुसत असताना. मागून आवाज आला, एक्सक्यूज मी, हा गाळा तुमचा का? वळलो आणि संपलो.

नाव श्रुती. समोरच्या सेक्टरमधली. 'खाडीकाठ कलामंच' नावाचा ग्रुप चालवते. सगळे वॉलंटियर. नाटकं, गाणी, जे जमेल ते. सोसायटीच्या क्लबहाऊसमधून त्यांना काढलं, कारण ढोलकीने चेअरमनची दुपारची झोप मोडते. प्रॅक्टिसला जागा हवी आहे.

मी म्हणालो, गाळा आमचाच, एसीसकट. घणसोली गाव अर्धं आमचंच आहे. (अर्धं नाही. पण भाऊकी धरली तर होईल.)

ती म्हणाली, थँक यू केतनदादा.

'दादा'वर जरा विचार केला. राजकारणात मोठ्या माणसाला दादाच म्हणतात. म्हणजे आदर. आदरापासूनच सुरुवात होते.

ठरलं. हा कलामंच मी उभा करणार. इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं तेव्हा पप्पा म्हणाले होते, याच्या हातून एक काम पुरं झालं तर मला दाखवा. आता बघाच.

४ मार्च, मंगळवार

हौशी कलासंस्था कशी चालवावी यावर एका परदेशी संस्थेची पीडीएफ मिळाली. जाड आहे. सुरुवातीची पानं वाचली, पुढचा अंदाज आला. मुख्य मुद्दा: प्रत्येकाला पद द्या, म्हणजे माणूस टिकतो.

पदं दिली. मी आर्टिस्टिक डायरेक्टर. श्रुती असिस्टंट डायरेक्टर. ती म्हणाली, पण ग्रुप मी सुरू केलाय ना? मी समजावलं, असिस्टंट डायरेक्टर कायम डायरेक्टरच्या शेजारी बसतो. ती हसली. हसणं म्हणजे होकारच.

वामनकाका पावणे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेत, ढोलकी वाजवतात. त्यांना स्टेज मॅनेजर केलं. आशुतोष नावाचा एक जण हार्मोनियम वाजवतो. उंच आहे, आयटीत आहे, श्रुतीला 'श्रू' म्हणतो. त्याला चप्पल-व्यवस्था दिली.

पीडीएफ सगळ्यांना पाठवली. वाचणार कोणी नाही, पण इंप्रेशन पडतं.

९ मार्च, रविवार

पहिली मीटिंग. कोणी आलं नाही.

कारण शोधलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल अशी सेटिंग मी केली होती, शिस्त म्हणून. वेळ कोणालाच जमत नव्हती, पण सांगायची सोय नव्हती.

मला वाटतं, सिस्टीम बरोबर होती. माणसं तयार नव्हती.

संकल्प: चिडायचं नाही.

१२ मार्च, बुधवार

चिडलो. हजेरी घेताना उशिरा आलेल्यांवर ओरडलो. वामनकाका म्हणाले, बाळा, फुकट आलेल्या माणसाला हजेरी लावत नाहीत, चहा देतात. मी म्हणालो, काका, तुमच्या कंपनीत चालत असेल, हे आर्ट आहे. काका उठून गेले. मग चहा आणायला गेले होते असं कळलं. तेरा कप घेऊन आले. त्यात माझाही होता. प्यालो, पण तत्त्व सोडलं नाही.

१६ मार्च, रविवार

स्टेज केलं. एपीएमसीच्या फळमार्केटमधून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, वर प्लायवूड टाकलं. श्रुतीला म्हणालो, सस्टेनेबल. ती म्हणाली, वॉव. आठवडाभर पुरेल एवढा वॉव होता.

टेस्टिंगला वामनकाकांना उभं केलं. गुडघ्यापर्यंत आत गेले. खरचटलं नाही, पण पॅन्टला आंब्याचा वास लागला. आशुतोषने त्यांना उचलून बाहेर काढलं. दिखाऊ माणूस.

१८ मार्च, मंगळवार

श्रुती आमच्या घरी आली होती. तिची कल्पना: कलामंचाचा पहिला मोठा कार्यक्रम धवल्यांचा. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. तिने धवले म्हटल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. म्हाताऱ्या बायका कमी होत चालल्यात, गाणी जातील, म्हणून ती ऐकायची, शिकायची, स्टेजवर आणायची. श्रुती म्हणाली, एवढी ऑथेंटिक गोष्ट तुमच्या घराजवळ आहे आणि तुम्हाला कल्पना नाही!

पप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, शेतावर सेक्टर आला, आता गान्यावर येतंय. पोरीला चा दे.

धवलारीण कोण? आमची राहीआत्या. पप्पांची सख्खी आत्या, गावातलं कुठलंही लग्न तिच्याशिवाय उभं राहत नाही. म्हणजे सगळी सूत्रं माझ्या हातात. श्रुती माझ्याशिवाय आता एक पाऊल टाकू शकत नाही.

२२ मार्च, शनिवार

आत्याची पहिली रिहर्सल.

आत्या म्हणू लागली. सुंदर. श्रुतीचे डोळे भरले. मी मात्र डायरेक्टर. मधेच थांबवलं आणि म्हणालो, आत्या, एक ओळ मागून परत घे. आत्या म्हणाली, मधून घेता येत नाय, पयल्यापासून म्हनावं लागल. पहिल्यापासून घेतलं. लाइटचा अँगल बघायला मी परत थांबवलं. परत पहिल्यापासून. चौथ्यांदा आत्याने पदर खोचला आणि विचारलं, नवरी कुठाय?

मी म्हणालो, कसली नवरी?

आत्या म्हणाली, आरं, धवला म्हंजे देवाला आवतान. नावं घेऊन बोलवतंय मी येकेकाला. देव मांडवान येतान, नि नवरी नाय, नवरा नाय, तं ते काय तुजा चा पिऊन जातील?

आणि घरी गेली. श्रुती तिच्या मागे दारापर्यंत गेली. मला म्हणाली, दादा, त्या नाही म्हणाल्या तर कार्यक्रमच नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी लक्षात ठेवलं, आणि तिथेच सुचलं. आत्याला नवरा-नवरी हवेत. देऊ की!

२३ मार्च, रविवार

मांडला प्लॅन. स्टेजवर खोटं लग्न. नवरी श्रुती. तिला विचारलं, ती म्हणाली, इंटरेस्टिंग, पण आधी राहीआत्यांना विचारू या. आणि नवरा कोण? मी म्हणालो, डायरेक्टर म्हणून जबाबदारी मी घेतो. ती म्हणाली, आशुतोषकडे शेरवानी आहे. मी म्हणालो, आशुतोषची हाइट मांडवात बसत नाही.

ती म्हणाली, बघू.

'बघू' हा शब्द मी आज सतरा प्रकारे म्हणून पाहिला. कुठल्याच प्रकारात तो 'नाही' वाटत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

पब्लिसिटी. पीडीएफमध्ये होतं, जाहिरात स्थानिक लोकांच्या भाषेत हवी. मग पोस्टर कशाला, थेट लग्नपत्रिकाच केली! वर गणपती, खाली दोन कलश. चि. केतन आणि चि. सौ. कां. श्रुती. हळद ५ एप्रिलला शनिवारी, लग्न रविवारी, स्थळ आमचा गाळा. धवलारीण: श्रीमती राहीबाई. सगळ्यात खाली, डिझाइन बिघडू नये म्हणून बारीक अक्षरात, 'सांस्कृतिक कार्यक्रम'.

दोघांची नावं एका ओळीत. बराच वेळ बघत बसलो.

श्रुतीला सरप्राइज म्हणून दाखवली नाही. भाऊकीच्या ग्रुपवर टाकली. लगेच अंगठे, हार, नाचणारे बाप्पा. गावाची कलेची भूक कोणी ओळखलीच नव्हती.

२९ मार्च, शनिवार

सकाळी सात. मांडववाला आला आणि गाळ्यासमोर चार बांबू पुरून गेला. कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला, पत्रिका बघितली, तुमच्या घरचं काम, सांगायला कशाला पायजे.

नऊच्या सुमारास भाऊकीतल्या बायका ताटात तांदूळ-नारळ घेऊन आल्या. त्यांच्या पाठोपाठ विलासकाका. दारातूनच पप्पांवर ओरडले, बैठक नाय, सुपारी नाय, भावांना इचारलं नाय, नि परस्पर पत्रिका? आमी मेलो काय? पप्पांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, खाली बघा ना, सांस्कृतिक कार्यक्रम लिहिलंय. विलासकाकांनी चष्मा लावला, काढला, फोन लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, ह्यो मच्छर हाय का अक्षर?

मग श्रुतीच्या आईचा फोन. कोणीतरी त्यांनाही पत्रिका पाठवली होती. अतिशय शांत आवाजात म्हणाल्या, आमच्या मुलीचं लग्न ठरल्याचं आम्हाला आत्ताच कळलं, अभिनंदन. त्या शांततेपुढे विलासकाका बरे होते.

श्रुती स्वतः आली. म्हणाली, केतन, हे काय केलंस?

नोंद: पहिल्यांदाच दादा न म्हणता नुसतं केतन. शिवाय अरे-तुरे. प्रगती आहे.

आत्या सगळ्यात शेवटी आली. ओरडली नाही. मांडवाच्या एका बांबूला हात लावून उभी राहिली. म्हणाली, पन्नास वर्सं लोक मला बोलवायला घरी येतान, तवा मी जातंय. तू माजं नाव कुनाला इचारून टाकलंस? गावान बायका इचारतान, राहीबाय आता नाटकान पन लगीन लावते काय. माजे पोरीबालींना मी काय सांगू?

मी फोन काढला आणि पत्रिका ग्रुपवरून डिलीट केली. हे आधी सुचलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आत्या म्हणते, गाणार नाही. कार्यक्रम रद्द. ग्रुपवर सगळे गप्प, आणि या वेळी सेटिंग मी केलेली नव्हती.

विश्लेषण: आयडिया काळाच्या पुढे होती. फॉन्ट साइजचा एक टेक्निकल इश्यू.

३ एप्रिल, गुरुवार

आत्याकडे माफी मागायला निघालो. म्हणजे माफी नाही, खुलासा. खिडकीतून बघितलं तर आत श्रुती. जमिनीवर बसून आत्याबरोबर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत होती. हात पार लाल. आत्या तिला सांगत होती, डोका असा मोड, नि पाठीवरना सोल. श्रुती म्हणाली, आत्या, माझ्या ग्रुपकडून चूक झाली. गायचं नसेल तर नका गाऊ, आम्ही नुसतं येऊन बसत जाऊ. आत्याने हातातली करंदी सोलून टाकली. मग म्हणाली, गानार नाय. पन शिकवीन. शिकवताना देवाला आवतान जात नाय. सासूनं मला असाच जात्यावर बसून शिकवला.

मी खिडकीतून परत फिरलो. बरंच झालं. त्या दोघींना एकत्र आणण्याचं श्रेय शेवटी पत्रिकेलाच जातं.

५ एप्रिल, शनिवार

वामनकाकांचा फोन. उद्या गाळ्यात सगळे जमणार, माझा सत्कार आहे. काका म्हणाले, तू पाठवलेली पीडीएफ मी पूर्ण वाचली रे, फार उपयोगी आहे, शेवटची प्रकरणं तर फारच.

शेवटी किंमत कळली. शर्टाला इस्त्री केली. श्रुती शाल घालेल की नारळ देईल, याचा विचार. दोन्ही असेल तर बरं.

६ एप्रिल, रविवार

शाल वामनकाकांनी घातली. नारळ आशुतोषने दिला. टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. श्रुतीने जाहीर केलं, केतन आजपासून आपले सन्माननीय मार्गदर्शक. मी विचारलं, मार्गदर्शकाचं काम काय? मग वामनकाका अगदी प्रेमाने म्हणाले, काही नाही बाळा. तेच तर पद आहे. पीडीएफमध्ये आहे, एखाद्याला न दुखवता कामातून मोकळं कसं करावं. छान लिहिलंय.

हे ऐकून माझा ताबा सुटला. उभा राहिलो. म्हणालो, कलामंच मी उभा केला. मी नाही तर गाळाही नाही. उद्यापासून बघा कुठे बसता ते.

मागच्या खुर्चीवर पप्पा होते. मला माहीतच नव्हतं. म्हणाले, गाळा माजे नावावर हाय. चावी कालच दिली पोरीला. बस खाली, नाय तं जा, आत्या शिकवायला थांबलीय.

आत्या खरंच थांबली होती. सगळ्या बायका तिच्याभोवती गोल करून बसलेल्या, श्रुती पहिल्या रांगेत, वही-पेन न घेता, नुसती. मी श्रुतीकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. मी बोलून संपवायची वाट बघत होती, एवढंच. रागावली असती तरी चाललं असतं.

राजीनाम्याचं भाषण तयार होतं. चार वाक्यं बोललो असेन. पाचव्याला आत्याने पहिला सूर लावला. तिला मधे थांबवता येत नाही, हे आता सगळ्या गाळ्याला माहीत आहे. बायकांनी मागून उचललं, चुकत, हसत. पप्पांनी डोळे मिटले.

निघालो. खांद्यावर शाल, हातात नारळ. दार असं आपटणार होतो की पूर्ण गल्लीला कळलं असतं. उंबरठ्यावर पोचलो तोच वामनकाका ढोलकीवरून मान न उचलता म्हणाले, केतन, दार नीट ओढून घे रे, एसी चालूय.

मी बाहेर आलो आणि दार लावलं. नीट.