खुर्चीतलं आयतं सुख

धाकटे, तुला ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी बरी आहे. पायपुसण्यावरून घसरले होते, पण हाड शाबूत आहे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

मुलाने ते पायपुसणं फेकलं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. तिथेच थांबला असता तर! आता चहा हातात, पाणी हातात. जरा उठले की सून ओरडते, "आई, बसा हो!" मलाही ते आयतं गोड लागलं गं. आता उठायचं म्हटलं तर पायच ऐकत नाहीत.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझी सून कितीही लाडाने म्हणाली, तरी आपलं पाणी आपण उठून घे.

टपालपेटी समोरच्या कोपऱ्यावरच आहे, खिडकीतून दिसते. पत्र मात्र सून टाकेल.

शाळेत जाताना तुझ्यापुढे पळणारी,
ताई