सिंधूचं आणि माझं

मी, झुंबरबाई सोपानराव रासकर, वय अंदाजे बहात्तर, धंदा फुलशेती, राहणार खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मन ठिकाणावर नाही, पण वकीलबाई गौतमी म्हणाल्या की कायदा मनाचं विचारत नाही. मी बोलत गेले, त्यांनी लिहून घेतलं. मधे मधे त्या म्हणाल्या, "आजी, हे मृत्युपत्रात नसलं तरी चालतं." मी म्हणाले, "तुम्ही लिवा. दुसरं कुणी लिवून घेणार न्हाई."

१. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात माझी सगळी जमीन, घर आणि अंगावरचं सोनं मी सिंधूबाई हिला दिलं होतं. ती माझ्याहून लहान, म्हणून माझ्यामागं राहील असं धरून चालले होते. या माघात ती वारली. ते मृत्युपत्र मी रद्द करते. ज्या माणसासाठी ते केलं होतं, ते माणूस आता नाही.

२. सिंधूबाई कोण, हे लिहावं लागेल असं वकीलबाई म्हणतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर तळेगाव ढमढेरे. लग्न होऊन खुटबावला आले तेव्हा साडी नीट नेसता येत नव्हती. मालक, म्हणजे सोपानराव, स्वभावानं मऊ. विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा आणायला जातो असं सासूला सांगून निघायचे, मला वेशीबाहेर सायकलवर घ्यायचे आणि यवतला तंबूतला सिनेमा दाखवायचे. येताना पट्टा आणायचं विसरायचे. तेवढी वर्षं मी सुखाची होते. ती वर्षं खोटी होती असं कुणी म्हणू नये.

मूल झालं नाही. देव झाले, डॉक्टर झाले. मग एके दिवशी जेवून हात धुताना ते म्हणाले, "तुला कायबी कमी पडू देणार न्हाई." मला कळलं. मी म्हणाले, "कमी पडलंय म्हणूनच दुसरी आणताय न्हवं?" ते तसेच ओल्या हातानं उभे राहिले.

कासुर्डीच्या गरीब घरातली सिंधू आणली. उंबऱ्यावर ओवाळायला सासूनं मलाच उभं केलं. मी ओवाळलं. पोरगी एवढी थरथरत होती की माप ओलांडताना तांदूळ अंगणात सांडले आणि कोंबड्या धावल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही.

३. राहतं घर. या घरात दोन चुली होत्या. मधे पत्र्याचा आडोसा होता. तो मीच घालून घेतला. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, भांडी आपटून कळवत होतो. सिंधूला रोहिदास झाला आणि पाठोपाठ तिला विषमज्वर झाला. एके दुपारी ती भिंतीला धरून धरून आडोशाच्या अलीकडं आली आणि पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

"अक्का, ह्याला घ्या. माझा भरवसा न्हाई."

"मला कशाला देती? सासू हाय की."

"त्या नातू म्हणून सांभाळतील. तुम्ही पोर म्हणून सांभाळाल."

ती बरी झाली, पण पोर मागायला आली नाही. एक दिवस तिनं तो पत्रा उपटला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. त्या दिवसापासून एक चूल. मालक उंबऱ्यात बसून विचारायचे, आज भाकरी कुणाच्या हातची? आम्ही दोघी हसायचो, सांगायचो नाही.

हे घर मी सिंधूबाईची मुलगी सविता हिला देते. तिचं सासर कासुर्डीला आहे, नांदायचं तर तिथंच. पण बाईला परत यायला एक दार असावं. ते दार माझ्यामागं हे.

४. धाकटे दीर हौसराव यांना काही नाही. मालक टेम्पोत झेंडूचे क्रेट चढवताना छातीत कळ येऊन गेले. दहाव्याला नदीवरून येताना हौसराव मला म्हणाले, "वैनी, आता तिचं हितं काय काम? कायद्यानं बायको तुम्हीच."

मी म्हणाले, "भावजी, कायदा तुमच्यापाशी राहू द्या. ती माझ्यापाशी ऱ्हाती."

त्यावर त्यांनी सामाईक विहिरीवरचा आमचा पाइप तोडला. सिंधूनं आणि मी तो उन्हाळा डोक्यावर पाणी वाहून शेवंती जगवली. तरी त्यांच्या वाट्याचं पाणी आम्ही नंतर कधी अडवलं नाही, पुढंही कुणी अडवू नये. त्यांनी माझ्या मयतीला यावं, पण बोलायला उभं राहू नये.

५. अंगावरचं सोनं आणि कपडा. बोरमाळ सविताला. आम्हा दोघींच्या सारख्या इरकली साड्या आहेत, यवतच्या बाजारात एकदम घेतलेल्या. दुकानदारानं विचारलं, बहिणी का? सिंधू म्हणाली, "व्हय, एका घरात पडल्यात." त्या साड्या कुणाला देऊ नयेत. तिची मला नेसवावी. माझी तिला नेसवायची राहिली.

मालक गेल्यावरची ही वर्षं. त्या वर्षांबद्दल लोकांनी कधी काही विचारलं नाही, म्हणून सांगते. पहाटे दोघी फुलं तोडायचो. ती पुण्याला गुलटेकडीच्या फुलबाजारात टेम्पोबरोबर जायची, मी घर बघायची. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब तिनं घातले, "वर बघा अक्का, वर" असं पोराला दटावल्यासारखं म्हणत. ती घोरायची. तिला पंखा लागायचा, मला सोसायचा नाही, त्यावरून रोज वाजायचं. नवऱ्याबरोबर मी जेवढी राहिले, त्याच्या कितीतरी जास्त तिच्याबरोबर राहिले. लग्न एकाशी झालं आणि जन्म दुसरीबरोबर गेला. हे मला ती गेल्यावर कळलं.

६. रोहिदास रांजणगावला कंपनीत आहे, शिरूरला फ्लॅट आहे. त्याची बायको सुलक्षणाही नोकरी करते. पोरांकडं बघायला तो सिंधूला घेऊन गेला. म्हणाला, "मोठीआई, दोघींना जागा न्हाई तिथं. आन् शेत कोण बघंल?" थोडे दिवस म्हणून नेलं. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्यानं.

मी एकदा चौफुल्यावरून एसटीनं गेले. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आम्ही बसलो. ती खाली बघत म्हणाली, "अक्का, हितं पाय टेकत न्हाईत. मला घिऊन चला." मी रोहिदासला सांगितलं. तो म्हणाला, पोरांच्या परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्या, मग सुट्ट्या लागल्या, मग दुसरं काही. मी दर वेळी विचारलं. दर वेळी पुढच्या रविवारी.

मग तिला लकवा मारला. मी पोचले तेव्हा ती शिरूरच्या एका दवाखान्यात काचेच्या आत होती. दारावर राखणीला उत्तरेकडचा पोरगा उभा होता. "माताजी, आप पेशंट की कौन?"

रोहिदास औषधं आणायला खाली गेलेला. एवढ्या वर्षांत मला कुणी तसं विचारलंच नव्हतं. तोंडातून आलं, "सवत."

"सौतन?" तो थोडा हसला. वाईट पोरगा नव्हता. म्हणाला, "सिर्फ घरवाले अंदर."

मी बाकावर बसले. रोहिदास पिशवी घेऊन वर येईपर्यंत आत सगळं संपलं होतं.

भेटायला आलेल्या बायका हळू आवाजात म्हणाल्या, "झुंबरबाई, वाट मोकळी झाली." सुतक तिच्या पोरांना होतं, हौसरावांनाही होतं. माझ्यासाठी कुणी काही म्हटलं नाही. मीच चूल पेटवली नाही.

वकीलबाईंनी विचारलं, नात्याच्या जागी काय लिहू? सवत लिहिलं तर वैरीण वाटते, बहीण लिहिलं तर खोटं होतं. मी सांगितलं, लिहा, माझं माणूस.

७. विहिरीलगतची जमीन सविताला. रस्त्याकडची जमीन रोहिदासला.

ती गेल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही. परवा तो आला, ओट्यावर बसला.

"मोठीआई, मला जमीन नको. तू बोल माझ्याशी."

मी फुलं निवडत होते.

"ती रोज इचारायची, खुटबावला कवा जायचं. मी रोज म्हणायचो, जाऊ. मला वाटलं, येळ हाय."

तो ऊन उतरेपर्यंत बसून होता. मग मी ताट वाढलं. तो जेवला, ताट धुऊन पालथं घातलं आणि गेला.

माझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते. जमीन देते. माफी देत नाही, ती अजून माझ्यापाशी आलेली नाही. आली तर मी शिरूरला जाऊन तोंडानं सांगेन. न येता मी गेले, तर त्यानं असं समजू नये की मी द्यायचं टाळलं. मी वाट बघत होते.

८. मला अग्नी रोहिदासनंच द्यावा. दहाव्याचा खर्च बाजारातून येणाऱ्या फुलांच्या पट्टीच्या पैशातून करावा, जेवण साधं ठेवावं.

सिंधूच्या अस्थी त्यानं शिरूरला घोड नदीत सोडल्या. इकडं आणल्या नाहीत, मला विचारलं नाही. माझ्या अस्थी पारगावच्या पुलापाशी भीमेत सोडाव्यात. या कागदाचा साक्षीदार हौशीराम याचा जन्म नदीच्या काठानं गेला आहे. तो सांगतो, घोड नदी खाली येऊन दौंडच्या अलीकडं भीमेलाच मिळते. मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो व्हय म्हणाला.

वर लिहिलेलं सगळं वकीलबाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ते माझ्या बोलण्याप्रमाणंच आहे. खाली नावं लिहिलेल्या दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली. दोघांपैकी कुणालाही यातून काही मिळणार नाही.

सही: झुंबरबाई सोपानराव रासकर

साक्षीदार:
१. हौशीराम मारुती भोई, राहणार पारगाव
२. शितल धम्मदीप कांबळे, अंगणवाडी सेविका, राहणार खुटबाव

ठिकाण: खुटबाव, तालुका दौंड
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४