गाऱ्हाण्याला होकार देणारी माणसे मिळणेबाबत

प्रति,
मा. संक्रमण सदनिका वाटप अधिकारी,
चाळ पुनर्विकास कक्ष,
नायगाव, मुंबई.

विषय : खासगी कंपनीच्या रॉकेट उड्डाणाच्या दिवशी अर्जदाराचे पूर्वीचे शेजारी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे उत्तर, "सदर मागणी धोरणात बसत नाही."

महोदय,

१. अर्जदार शिवा तुकाराम घाडी, परळच्या एका रुग्णालयातून लिफ्टमन म्हणून निवृत्त, विधुर, हल्ली मुक्काम संक्रमण इमारत, चौदावा मजला. त्याचा मुलगा मयूर हैदराबादच्या एका खासगी रॉकेट कंपनीत इंजिनाच्या झडपांचे काम पाहतो. मागणी धोरणात बसत नाही हे अर्जदारास मान्य आहे. पण खासगी रॉकेटही पूर्वी धोरणात बसत नव्हते आणि आता उडते. तेव्हा धोरण थोडे सरकते, असा त्याचा नम्र समज आहे.

२. अर्जदार मूळचा मालवणकडचा. तिथे कुठलेही काम काढले की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. एकाने मागायचे आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. होकार देणारे कोणी नसेल तर ती नुसती एकट्याची बडबड होते. कंपनीचे पहिले छोटे रॉकेट उडाले, तेव्हा अर्जदाराने चाळीच्या गॅलरीत गाऱ्हाणे घातले : "माझ्या झिलान जा काय बनवल्यान हा, ता सुखरूप वर जांव दे रे म्हाराजा!" शेजारच्या तात्या परबांचा होकार असा दणदणीत, की रस्त्यावरचे लोक वर बघू लागले. पलीकडच्या खोलीतल्या यशोदाबाई तर मागणे संपायच्या आधीच होकार देऊन मोकळ्या. रॉकेट अंतराळाला शिवून ठरल्याप्रमाणे समुद्रात उतरले आणि सगळ्या चाळीने पेढे खाल्ले.

३. पुढे चाळ रिकामी झाली. तात्या शीवला मुलीकडे गेले, यशोदाबाई जागेऐवजी भाडे घेऊन बदलापूरला, आणि अर्जदार आपल्या कृपेने चौदाव्या मजल्यावर. इथे दारे बंद असतात. शेजारची बेल वाजवली तर आतून "कुरिअर का?" असे विचारतात.

४. उपग्रह घेऊन जाणारे मोठे रॉकेट यंदा उडाले. नियंत्रण कक्षात फोन जमा करावा लागतो, म्हणून मयूरने त्याआधी व्हिडिओ कॉल केला. अर्जदाराने नारळ ठेवला, मागणे मागितले आणि सवयीने थांबला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मयूरने विचारले, "बाबा, बाकीचे खंय गेले?" अर्जदाराने नारळ उगाच सरळ केला. तेव्हा मयूर स्वतःच हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा." ज्याच्यासाठी गाऱ्हाणे, त्यानेच होकार द्यावा, अशी आमच्याकडे रीत नाही. खालचा टप्पा झकास गेला. वरच्याचे इंजिन पेटलेच नाही, आणि उपग्रहासकट सगळे बंगालच्या उपसागरात गेले. तपासात झडप अडकल्याचे निघाले. ती कशाने अडकली, हे अर्जदार तपास समितीला शिकवू इच्छित नाही.

५. दुसरा प्रयत्न पुढच्या महिन्यात आहे. परदेशात वर गेलेल्या रॉकेटचा खालचा भाग परत येऊन आपल्या जागी उभा राहतो, हे मयूरने मोबाइलवर दाखवले. नवी इमारत झाली की चाळीतली माणसेही परत येतील, असे आपले पत्र आहे. अर्जदार दोन्हींवर विश्वास ठेवतो. परंतु मयूर आता म्हणतो, हे उड्डाण झाले की नोकरी सोडतो आणि तुमच्याकडे येऊन राहतो. त्याने ती रिकामी खोली पाहिली आहे. मुलगा घरी यावा असे अर्जदारास रोज वाटते. पण बाप एकटा पडला म्हणून त्याने हातातले काम टाकून यावे, हे अर्जदारास सहन होणार नाही.

६. सबब विनंती, की तात्या व यशोदाबाई यांना याच मजल्यावर जागा द्यावी. ते जमत नसल्यास एका दुपारपुरती चार माणसे द्यावीत. चार नसतील तर कार्यालयाचा एक शिपाई. तोही नसेल तर आपण स्वतः यावे. उड्डाण दुपारी आहे, मयूरचा फोन जेवणाच्या सुट्टीत येईल. मालवणी येत नसली तरी चालेल, देवाची समजूत अर्जदार काढील. मयूरला फोनवर दुसरे माणूस दिसावे आणि त्याचा आवाज ऐकू जावा, एवढेच. त्याने फोन जमा केला की आपण जायला मोकळे. थांबलात तर चहा होईल.

दार उघडे ठेवून बसलेला,
शिवा तुकाराम घाडी
नायगाव, दि. ११ नोव्हेंबर

सोबत : गाऱ्हाण्याचा कागद, होकाराच्या जागी खुणा करून.