रुतायला चिखल लागतो

४ एप्रिल १९८३, उदगीर

हातमोजे विसरलो! उस्तादांनी — ईश्वरप्पा, आमच्या पाइपाच्या लॉरीचे ड्रायव्हर — गाडी ओढायच्या तारेवरून माझा रुमाल ओढला. रुमालाच्या चिंध्या. "हा तुझा पंजा समज." दिवसभर तळहात बघत होतो.

लॉरीला पुढे विंच आहे, म्हणजे गाड्या ओढायचा रहाट. ड्रमवर तारेचा दोर. बोअर पाडणारी मोठी लॉरी कुठे रुतली, तर आकडा लावून ओढायची. हे शिकलो तर नोकरी कायम. नाहीतर मुदखेडला परत.

५ एप्रिल

आजचं — ड्रमवर पाच वेढे राहिलेच पाहिजेत. ताणलेली तार ओलांडायची नाही. तारेच्या मधोमध जड कापड टाकायचं. "तुटली की नागिणीवानी येती. अंगावर वजन असलं की खाली बसती," म्हणत उस्तादांनी माझी वाकळ टाकली. माझीच का? "माझी धुतलेली हाय!"

७ एप्रिल

सराव. मोठी लॉरी कोरड्या माळावर, गिअर काढून उभी. मी ओढली. शहाण्या म्हशीसारखी आली! बघणारा एक जण म्हणाला, "पाण्याचा ठिपूस न्हाई अन् रुतायची तालीम करायलेत!"

मालकांनी ते ऐकलं.

८ एप्रिल

मालकांचं — वीरभद्रप्पा शेठांचं — ठरलं. "यंदा गाडी एकदा तरी रुतली का? पाडव्यापर्यंत बघतो, मग विंच विकतो." म्हणजे मीही गेलो.

रुतायला चिखल लागतो. चिखलाला पाणी. आणि आमच्या बोअरमधून निघते ती नुसती पांढरी धूळ.

१० एप्रिल

महादेवाला गेलो. मागायचं काय? मालकाची लॉरी रुतू दे, असं देवाला म्हणायचं कसं! तरी म्हणालो. जरा मोठ्यानं झालं. मागे उस्ताद! "अरं, ज्याचं खातो त्याचीच गाडी बुडवतो?"

मग स्वतः बेल वाहिला. "देवा, चाकाच्या आसापर्यंतच बुडव."

११ एप्रिल

शिरूर अनंतपाळच्या पुढचं गाव. पाटीवर 'जिल्हा लातूर' ताजं रंगवलेलं, खालून उस्मानाबाद डोकावतं. सरपंच हणमंतराव म्हणाले, "जिल्हा नवा झाला, पाणी जुन्यातच राहिलं."

उद्या इथं बोअर. पाडवा तीन दिवसांवर; त्याआधीचा हा शेवटचाच.

१२ एप्रिल

लागलं! पाणी! काळ्या रानाचा लगदा झाला अन् मोठी लॉरी आसापर्यंत आत!

आकडा लावला, वाकळ टाकली. "मागं सरा!" कोण सरतंय! सगळं गाव पाणी बघायला चिखलात. गावातली सिद्धम्मा आजी तर ढिल्या तारेशेजारीच चिखलात फतकल मारून बसलेली.

"ओढ की रे!" — मालक.

"नाही. माणसं हटल्याशिवाय नाही." मी म्हणालो! मालकांना!

"कवा हटशील गं आजी?" — उस्ताद.

"पाडवा हू द्या की."

मालकांनी चपला काढून हातात घेतल्या आणि तेही आजीजवळ चिखलात उतरले.