सहा पिशव्यांच्या तीन करा

अहो,

हॉस्पिटलातून फोन आला होता. सोमवारऐवजी आजच खाट मिळतेय, उद्या सकाळी ऑपरेशन. ताई गाडी घेऊन खाली थांबली आहे. तुम्हाला फोन केला नाही, कारण तुमचा आवाज ऐकला असता तर माझा पाय घरातून निघाला नसता.

फ्रीजरमध्ये भरायची फरसबी अर्धीच झाली आहे. उरलेली चिरून परातीत ठेवली आहे. उकळत्या पाण्यात घड्याळ लावून दोन मिनिटं ठेवा, अंदाजाने नाही. तुमच्या अंदाजाचा मागे लगदा झाला होता. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, फडक्यावर कोरडी करा आणि पिशवीतली हवा दाबून काढा. वर तारीख लिहायला विसरू नका.

आणखी एक. लग्न झाल्यापासून मी एका पिशवीत दोघांपुरती भाजी भरते. आज फोन ठेवल्यावर भरत बसले आणि नंतर बघते तर शेवटच्या सहा पिशव्या एकाच माणसापुरत्या झालेल्या. मुद्दाम नाही केलं हो, हातच तसा चालला.

त्या फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात आहेत. गोठायच्या आत उघडा आणि दोन-दोन एकत्र करून तीन भरा. मगच हॉस्पिटलात या.

आलात की मला धीर वगैरे देत बसू नका. फक्त सांगा, तीन झाल्या.