पावसाची वही

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? तेल रोज लावते म्हणतेस, पण बाटली भरलेलीच दिसते असं वहिनीने कळवलंय.

मला साहेबाच्या बंगल्यात वस्तूंची यादी करायचं काम मिळालं. आजोबा जिथे आयुष्यभर माळी होते, तिथे आता तिकीट काढून आत जावं लागतं. मधल्या खोलीत काचेच्या पेटीत साहेबाची पावसाची वही आहे. बागेतल्या मापाच्या नळीत किती पाणी साठलं ते रोज सकाळी टिपायचं, अशी एकवीस वर्षं. पाटीवर लिहिलंय की साहेबांनी एकही दिवस चुकवला नाही.

परवा त्याच खोलीतल्या टेबलाच्या खणात बोटीची तिकिटं सापडली. साहेब आणि मडम सात महिने मायदेशी होते, आणि वही मात्र त्या सात महिन्यांतही रोज भरलेली! बंगल्याला कुलूप होतं, किल्ली आणि आवार सांभाळायला फक्त आजोबा. आमचे प्रमुख म्हणतात, कचेरीतला कोणी कारकून येत असेल. रोज सकाळी एवढी टेकडी चढून? मला नाही पटत. आजोबांना लिहिता येत होतं का गं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
खारू


दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. बाटलीवर पहारा ठेवणाऱ्यांना तसं कळव.

तुझे आजोबा अंगठेबहाद्दर. पगाराच्या कागदावर कायम अंगठाच उठवला. माझं लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी मीच त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. कंटाळा आला की मधलं काही गाळायचे, तर लगेच म्हणायचे, काहीतरी राहिलं बघ. कान तिखट होते त्यांचे. तेव्हा उगाच माझ्या बापाच्या गळ्यात पदक अडकवू नकोस. नोकरी नवी आहे, तोंडघशी पडशील.

तरी त्या पानांचा फोटो पाठव. म्हातारी झाले म्हणून उत्सुकता काही पेन्शनीत निघालेली नाही.

रागावले असं समजू नकोस, जीव आहेच तुझ्यावर.
तुझी,
आत्या


दि. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहे. शून्यं नीट बघ. साहेबाची शून्यं कोरी आहेत. त्या सात महिन्यांत मात्र कोरड्या दिवसाच्या प्रत्येक शून्याच्या पोटात एक टिंब आहे.

आणखी एक कागद मिळाला. साहेबाने कारभाऱ्याला लिहिलंय, की आधीच्या नोकराने टेबलावरची पत्रं वाचली म्हणून त्याला काढला. यापुढे अक्षरओळख असलेला माणूस आवारात नको. त्यानंतर महिन्याभरातच आजोबा कामाला लागले. आता बोल!

नव्या पाट्या एक तारखेला छापायला जातात. प्रमुखांचं म्हणणं, पुरावा आण, नाहीतर जुनंच वाक्य राहील. मला रात्रंदिवस तीच शून्यं दिसतात.

लोभ कर, आणि लवकर लिही.
तुझी,
खारू


दि. २२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझा फोटो बघितला आणि माळ्यावरची पेटी खाली काढून घेतली. माझ्या लग्नानंतर बाबांची अकरा पत्रं आली होती. शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतो, असं ते सांगायचे. त्या पत्रांच्या तारखा बघ. दहा, वीस, तीस. प्रत्येक शून्याच्या पोटात टिंब आहे. दोन पत्रं सोबत पाठवते. तुझ्या प्रमुखांना दाखव, आणि परत दे.

दुसऱ्या पत्रात लिहिलंय, "तुझ्या झोपाळ्याची दोरी सोडली नाही. वारा आला की कडी वाजते. मी उठून बघतो, आणि मग आलोच आहे बाहेर तर कुंड्यांना पाणी घालतो." मला वाटायचं, ही मास्तरांनी घातलेली भर. बाबा असं कधी बोलायचे नाहीत. पहिल्या माहेरपणाला गेले तेव्हा मी हसत त्यांना म्हटलं, "मास्तरांना सांगा, एवढं पाल्हाळ नको. आपले चार शब्द खुशालीचे पुरेत." ते बरं म्हणाले. त्यानंतरची आठही पत्रं चार-चार ओळींची आहेत.

परत आल्यावर साहेबालाही ते कारकुनाचंच काम वाटलं असेल. पण साहेब गेल्यावर तरी खरं का सांगितलं नाही, ते मला कळत नाही. एवढी वर्षं नाही म्हणून बसलेल्या माणसाला हो म्हणणं जड जात असेल. किंवा मी वाचून दाखवते हेच त्यांना हवं असेल. विचारायला ते नाहीत.

पाटीवर त्यांचं नाव घाल आणि माळी होते असंच लिही, पदव्या नकोत. गुरुवारच्या गाडीने मी येते. जिना चढवेल का, याची काळजी तू करू नकोस. फक्त ती काचेची पेटी उघडून ठेवायला सांग. वाचायचं आहे मला, यावेळी एकही ओळ न गाळता.

तुझ्यावर माया आहे, आज जरा जास्तच.
तुझी,
आत्या