सदतीस हंगामी आणि एक मी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आज टेबलाखाली वायर चाचपताना तो अनायासे घडला, तो तुमच्याच नावावर धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, आणि मी तर फारच मजेत आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मध्येच चष्मा काढून ठेवणार नाही. ताई तुमच्याकडे माहेरपणाला निघाली आहे, पत्र तिच्याच हाती देतो आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही तीनदा "काय?" विचारता आणि तोवर आजूबाजूच्या सगळ्यांना बातमी कळलेली असते.

तर साहेबांनी या आठवड्यात तुमच्या भाच्यावर मोठी जबाबदारी टाकली. आपल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कुणी कोणता कॉम्प्युटर उघडायचा, कुणाचं कार्ड कोणत्या दाराला चालायचं, याची जी नोंदवही तुम्ही नोकरीत असताना कॉम्प्युटरवर उभी केलीत, तिच्यात आता चारशे बारा माणसं आणि एकोणतीस ग्रुप साठले आहेत. त्यांतले कितीतरी निवृत्त झाले, दोघे तर या जगातही नाहीत, पण पंपघराचं दार त्यांना आजही उघडेल. साहेब म्हणाले, एकेक नोंद बघा, जे गेले त्यांना काढा, सोमवारी स्वच्छ यादी दाखवा, मग तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर सही करतो. (पाच वर्षं हंगामी आहे, मामा. एवढा लांब हंगाम कुठे असतो का?)

नोंदी बघायची तुमची पद्धत मला माहीत आहे. "पुढची" म्हटलं की पुढची नोंद येते, आणि आपण कुठवर आलो ते लक्षात राहावं म्हणून कॉम्प्युटर त्या ओळीवर बोट ठेवून बसतो. तुम्ही नेहमी सांगायचात, आधी शेवटपर्यंत वाच, कागदावर लिहून घे, मग काढ. पण हा सल्ला तुमच्या काळातल्या सावकाश माणसांसाठी असावा, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. गेलेला माणूस समोर दिसतोय, तर त्याला परत भेटायला कशाला यायचं? मी वाचता वाचताच काढत सुटलो. पुढची, काढ, पुढची, काढ. जेवायच्या सुट्टीपर्यंत यादी संपलीसुद्धा. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना म्हणून खुर्चीवर टेकवून घेतली.

मग सहज वरून खाली नजर टाकली, तर निवृत्तांमधले बरेचजण अजून ठाण मांडून बसलेले. याचं कारण मी अर्ध्या मिनिटात शोधून काढलं (दुसऱ्या कुणाला दिवस लागला असता). एक नोंद काढली की खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात, आणि बोट बिचारं ठरल्याप्रमाणे एक घर पुढे जातं. म्हणजे ज्याला काढलं त्याच्या मागे उभा असलेला माणूस कुणाला न दिसताच निसटतो. एकाच वर्षी निवृत्त झालेले लोक यादीत शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे एक गेला, एक राहिला, असा प्रकार झाला. चूक कळली हेच निम्मं काम. उरलेलं निम्मं सोमवारच्या आत होईल.

माणसं अशी एकेक निसटतात म्हणताना मी ग्रुपांकडे वळलो. मुदत संपलेल्या हंगामींचा एक मोठा ग्रुप होता. आता एकेकाला कुठे गाठत बसू, म्हणून पूर्ण ग्रुप माणसांसकट काढून टाकला. दुपारी दोन वाजून गेल्यावर लक्षात आलं की मुदत संपलेले आणि मुदत वाढवून मिळालेले असे दोन्ही हंगामी त्याच ग्रुपात होते. मुदत वाढवून मिळालेले सदतीस. आणि एक मी. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारे पुष्कळ असतील, पण कुऱ्हाडही फांदीबरोबर खाली जावी असं काम एका दमात करणारा विरळाच.

पाणी प्यायला बाहेर आलो, तर माझ्या मागे दार लागलं आणि कार्ड काही चालेना. पाच वर्षं रोज मला "काय साहेब, जेवलात का?" विचारणाऱ्या चौकीदारकाकांनी यंत्रावरचा लाल दिवा पाहिला आणि पाहुण्यांची वही पुढे सरकवली. कुणाला भेटायचंय, या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात "खासगी" लिहिलं. काकांनी दोन्ही नीट वाचलं आणि त्यांच्या किल्लीने दार उघडून दिलं. माणूस नियमाचा पक्का आहे.

एकूण काम उत्तम चाललं आहे, काळजीचं काही कारण नाही. मामींना नमस्कार.

तुमचा कर्तबगार भाचा

ता.क. नोंदवहीत फेरफार करायचा अधिकार फक्त "चावीवाले" ग्रुपला असतो. त्यात दोघंच होते. एक मी, म्हणजे आता नाही. दुसरे तुम्ही. तुम्हाला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण तुमच्याबरोबर निवृत्त झालेल्या टायपिस्टबाईंना मी काढलं आणि तुम्ही त्यांच्या मागे होतात, म्हणून वाचलात. मामा, कृपा करून तुमचा पासवर्ड ताईला लिहून द्या. सोमवारी सकाळी आठला सदतीस माणसं दाराबाहेर उभी राहतील. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. माझी सही तर बोंबललीच, पण त्यांच्याकडे बघायचं कुठल्या तोंडाने?

ता.क. २. पासवर्ड आठवावा म्हणून तुम्ही ठेवलेला प्रश्न पडद्यावर दिसतो: "ज्याच्या हाती हे कधीही देऊ नये असा माणूस." मी साहेबांचं नाव घालून पाहिलं. मग स्टोअरकीपरचं, मामींच्या धाकट्या भावाचं, तुमच्या जावयाचं. (हे ताईला वाचून दाखवू नका.) आता एकच प्रयत्न उरला आहे, तो तुमच्यासाठी राखून ठेवतो.

ता.क. ३. राहवलं नाही. आई आणि तुम्ही सोडून जगात कुणी मला "धांदू" म्हणत नाही. तेच घातलं. उघडलं.

वाईट वाटलं, मामा, खोटं कशाला बोलू? मग सदतीसच्या सदतीस परत घातले, आधी सगळं वाचून, कागदावर लिहून, तुमच्या पद्धतीने. अडतिसावा मी. निसटलेले निवृत्तही काढले. शेवटी तुमची नोंद काढली, नियमच आहे, पण हात दोनदा मागे आला. पासवर्ड तुमचाच माझ्या नोंदीला लावून घेतला आहे. प्रश्न तेवढा बदलला: "मामांनी कुणाला बरोबर ओळखलं होतं?"